आमोद सगळं बरोबर सांगतो

“घुबड कुठलं?”

कादंबरीने दोन कार्डं समोर धरली. आमोदने दुधाचा पेला खाली ठेवला, आईकडे पाहिलं आणि डावीकडच्या कार्डावर बोट टेकवलं.

“शाब्बास! आणि निवडुंग?”

त्याने पुन्हा वर पाहिलं. बोट उजवीकडे गेलं.

“गुणाचं माझं बाळ. आता त्रिकोण...”

“अगं, दूध तरी गिळू दे त्याला,” सुहासिनीबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. “शाळा बघायला चाललात की मुलगा दाखवायला? तसं असेल तर सांग, कांदेपोहे करते.”

सासूबाईंचं हे असंच. उभी हयात टेलिफोन ऑफिसात गेली होती. समोरच्याला एका वाक्यात गप्प करून पुढचा फोन घ्यायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

“आई, पाचच मिनिटं. रंग राहिलेत.”

“रंग कुठे पळून चाललेत?”

तेजस बुटाची नाडी बांधत होता. हडपसरच्या ऑफिसला वेळेत पोचायचं तर वाघोलीहून लवकरच निघावं लागे. तो हसला. “कादंबरी, चिल यार. साडेतीन वर्षांचा आहे तो. यूपीएससीला नाही बसलेला.”

“तुझं बरंय. तू निघालास.”

“म्हणजे काय? सुट्टी टाकू का मी?”

तिने कार्डं सारखी केली. त्याने सुट्टी टाकावी असं तिला वाटत होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर टाकायची नाही हे स्पष्ट दिसत होतं, मग विचारून काय उपयोग. तेजसने आमोदच्या केसांतून हात फिरवला आणि दार ओढून घेतलं.

हे कार्डांचं सुरू झालं ते गेल्या दिवाळीनंतर. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये एक कोटवाला तरुण आला होता. त्याने पडद्यावर मेंदूचं रंगीत चित्र दाखवलं आणि सांगितलं, की लहान मुलाच्या मेंदूला खिडक्या असतात, त्या एकेक करून बंद होत जातात. एकदा बंद झाली की झाली. “आज तुम्ही मुलाला काय दिलंत, हा प्रश्न रोज स्वतःला विचारा, मॅडम.” बोलणं संपल्यावर त्याने टेबलाखालून कार्डांची खोकी काढली. जमलेल्या बहुतेक आयांनी एकेक खोकं उचललं. कादंबरी एम.ए. होती, तेही मानसशास्त्रात. तो माणूस पुष्कळसं फुगवून सांगतोय हे तिला कळत होतं. तरी तिने खोकं घेतलं. त्या दिवसापासून आमोद नुसता बसलेला दिसला, की कुठेतरी कडी लागल्याचा आवाज तिच्या कानांत यायचा.

त्याआधी तो फार उपद्व्यापी होता. न्हाणीघरातल्या बादलीशी त्याचे तासन् तास जायचे. वाटी, चमचा, साबणाची डबी, आजीच्या चष्म्याचं घर, जे हाताला लागेल ते पाण्यात. खोकं घरी आल्यानंतरही एकदा ती शोधत गेली, तर हा कोपरापर्यंत भिजलेला, बादलीवर ओणवा.

“आई, वाटी पोहते. चमचा झोपला.”

“झोपला नाही रे, बुडाला. बुडाला म्हण.”

“बुडाला. आई, चमच्याला वाटीत बसवलं तर?”

“तर सर्दी होईल. चल, ऊठ. पाण्यात खेळायचं नाही.”

तिने त्याला उचलून पुसलं, कोरडे कपडे घातले आणि टेबलाशी बसवून बुडणाऱ्या आणि तरंगणाऱ्या वस्तूंची कार्डं काढली. सुरुवातीला तो रडायचा. मग रडेनासा झाला. पुढे पुढे बादलीकडे फिरकेनासाही झाला, आणि खरं सांगायचं तर तिला हायसंच वाटलं. घर कोरडं राहू लागलं. शिवाय आमोद भराभर शिकत होता. तिने त्याचे व्हिडिओ काढून घरच्यांना पाठवले. तिचे वडील, गोपाळकृष्ण मास्तर, एरवी कुणाचं कौतुक करायचे नाहीत. त्यांनी उत्तर लिहिलं, ‘उत्तम. आईवर गेला आहे.’ तो निरोप तिने किती वेळा उघडून पाहिला असेल.

शाळेत जायला रिक्षा केली. नगर रोडला नेहमीसारखी कोंडी होती. कादंबरीने उजळणी घेतली. आमोदने सगळं बरोबर सांगितलं.

शाळेच्या खोलीत बुटकी टेबलं होती, भिंतीवर मुलांनी रंगवलेले हाताचे पंजे होते. मेहजबीन मॅडम चाळिशीच्या असाव्यात. सकाळपासून मुलं बघून बघून दमलेल्या दिसत होत्या, पण आवाज गोड होता.

“या, बसा. आपण मागच्या खुर्चीवर बसा. आमोद, इकडे ये बाळा. नाव काय तुझं?”

“आमोद.”

“अरे हो, मीच आत्ता सांगितलं की! वेंधळीच आहे मी.”

आमोद हसला नाही. त्याने मान वळवून आईकडे पाहिलं. कादंबरी हसली, तेव्हा तो हसला.

मॅडमनी लाकडाचे प्राणी मांडले. “ह्यातला बेडूक देशील मला?” आमोद वळला, पुन्हा पुढे झाला, बेडूक उचलून दिला. “मोठा ससा कुठला?” वळला, दिला. “आणि ह्या सगळ्यांत वेगळं काय आहे?” इथे मघापेक्षा थोडा जास्त वेळ लागला. कादंबरीचा जीव टांगणीला लागला. प्राण्यांमध्ये एक पेला होता. त्याला दिसत कसा नाही? तो तिच्याकडे बघत होता, ती पेल्याकडे बघत होती. मग त्याने पेला उचलला.

“वा, हुशार आहे हं,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी एकदा आमोदकडे, एकदा कादंबरीकडे पाहिलं. “ताई, एक करता का? खुर्ची जरा त्या कपाटापलीकडे घ्या. काही नाही, असंच. मुलं मोकळी होतात.”

कादंबरीने खुर्ची सरकवली. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये फट होती. तिच्यातून तिला तो दिसत होता, त्याला ती दिसत नव्हती.

मॅडमनी पाण्याचं एक पसरट घमेलं टेबलावर ठेवलं. बाजूला एक गोटा आणि बाटलीचं झाकण ठेवलं.

“आमोद, ह्यातलं कुठलं बुडेल रे?”

कादंबरी सुटकेने मागे रेलली. हे तर त्याला येतं. हे त्याला कार्डांच्याही आधीपासून येतं.

आमोदने मान वळवली. मागे रिकामी जागा होती. त्याने दुसऱ्या बाजूने वळून पाहिलं. मग तो मॅडमकडे वळला आणि त्यांच्या तोंडाकडे बघू लागला. गोट्याकडे नाही, झाकणाकडे नाही. त्यांच्या भुवयांकडे, मग ओठांकडे, मग पुन्हा भुवयांकडे. मॅडम हसऱ्या चेहऱ्याने नुसत्या बसल्या होत्या. त्याचा हात दोन्ही वस्तूंच्या मधोमध, हवेत थांबला होता.

“चुकलं तरी चालेल हं. टाकून बघ की पाण्यात.”

त्याने हात मागे घेतला आणि पाठीशी धरला.

“पाण्यात खेळायचं नाही,” तो शहाण्यासारखा म्हणाला.

“इथे चालतं की! बरं, राहू दे. ह्यातलं तुला काय आवडलं? आवडेल ते घे. घरी ने.”

तो पुन्हा त्यांच्या चेहऱ्यावर शोधू लागला.

फटीतून बघणाऱ्या कादंबरीला ती नजर ओळखीची वाटली. कुठे पाहिली, हे आठवायला तिला फार लांब जावं लागलं नाही. जेवताना वडील पाढे विचारायचे, तेव्हा ती त्यांच्या कपाळाकडे बघत एकेक आकडा पुढे सरकवायची. आठी पडायला लागली की आकडा बदलायचा. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांचा चष्मा वर गेला, की ती वाक्य अर्ध्यावरच फिरवायची. मानसशास्त्र घ्यावं, असं कॉलेजच्या मॅडमच्या चेहऱ्यावर होतं, म्हणून मानसशास्त्र. बघायच्या कार्यक्रमात तेजस आवडला का, असं विचारलं, तेव्हा तिने आधी वडिलांकडे पाहिलं होतं. हॉटेलात वेटर समोर उभा राहिला, की ती अजून म्हणते, “तू काय घेतोयस? मला तेच.” सगळे म्हणायचे, कादंबरी किती समंजस. तिचं कधी काही चुकलं नाही. तिने कधी काही ठरवलंही नाही.

आणि रोज सकाळी ती टेबलाशी बसून, कार्डं धरून, मुलाला नेमकं हेच शिकवत होती. तो घुबड शिकला नव्हता. तो तिची बुबुळं कुठे वळतात ते शिकला होता.

“ताई, या पुढे,” मॅडमनी हाक मारली.

कादंबरी उठली. “मॅडम, त्याला येतं हो हे. आज जरा बुजलाय. तो पूर्वी... स्वतःच करायचा हे सगळं. बादलीत.”

“अहो, टेन्शन नका घेऊ. प्रवेशाचं काही नाही, तो झालाच समजा. आम्ही कुणालाच परत पाठवत नाही. ही नुसती ओळख असते.”

“कुणालाच नाही?”

“नाही. एवढ्याशा मुलांची कसली परीक्षा घ्यायची?” त्यांनी घमेलं बाजूला ठेवलं. दाराशी पुढची मुलगी आईचा हात धरून उभी होती. “आणि ह्याची तर अजिबात काळजी करू नका. फार गोड आहे. समोरच्या माणसाला किती पटकन ओळखतो! असली मुलं सगळ्यांची लाडकी होतात बघा.”

त्या मनापासून कौतुक करत होत्या. कादंबरीने मान डोलावली. ‘थँक यू’ म्हणायचं राहिलं, हे तिला जिना उतरताना आठवलं.

फाटकाबाहेर आल्यावर सासूबाईंचा फोन आला.

“काय म्हणाली शाळा?”

“झालं. मिळाला प्रवेश.”

“मग आवाज असा का? घशात काही अडकलंय का?”

“नाही आई. गाड्यांचा आवाज आहे.”

मग सुहासिनीबाई एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, “घरी ये. आमटी-भात तयार आहे. आज ती कार्डं काढू नकोस.”

“नाही काढत.”

“मला आपलं वाटलं, म्हणून म्हटलं. रागावू नकोस.”

फोन ठेवून कादंबरी रिक्षा बघू लागली. कडेला पेरूची हातगाडी होती. आमोद कडेवर होता. तिने त्याचा घामेजलेला गाल पुसला.

“पेरू खायचा?”

आमोदने तिच्याकडे पाहिलं.

“बोल ना. खायचा का?”

ती हसत होती, म्हणून तो “हो” म्हणाला.

पेरूवाल्याने एक पिकलेला पिवळा आणि एक कडक हिरवा, असे दोन पेरू हातांवर तोलून दाखवले. “सांगा बाळराजे, कोनता कापू? ह्यो मऊ हाय, ह्यो करकरीत.”

आमोदने मान वळवली. कादंबरीने झटकन समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. बस, टँकर, दुचाक्या. मग एक छोटासा तळवा तिच्या हनुवटीला लागला आणि त्याने तिचं तोंड आपल्याकडे वळवून घेतलं. तिने डोळे मिटून घेतले.

“तू सांग. तुला हवा तो. मी बघतच नाहीये.”

काहीच ऐकू आलं नाही. फक्त गाड्या जात होत्या. तिने पापण्या आणखी घट्ट केल्या. कुठलाही सांग रे. कुठलाही. पाहिजे तर तिसराच सांग, पेरू नकोच म्हण, रडून गोंधळ घाल.

“ताई, बरं न्हाई का वाटत?” पेरूवाला म्हणाला. “सावलीला बसा जरा. पानी देऊ?”

तिने नुसती मान हलवली.

मग एक बोट तिच्या डाव्या पापणीवर आलं. त्या बोटाने पापणी हलकेच वर उचलायचा प्रयत्न केला. ती उचलली जाईना, तेव्हा ते उजवीकडे गेलं. बोट ओलं झालं असावं, कारण तिच्या खांद्यावर त्याने ते पुसलं आणि परत आणलं.

“आई, उघड ना.”

ती डोळे मिटूनच उभी राहिली.

“उघड ना, आई. मग मी बरोबर सांगतो.”

पेरूवाला थोडा वेळ थांबला. मग त्याने दोन्ही पेरू परत ढिगावर ठेवले आणि मागून आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळला.