मागच्या दाराशेजारची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. मित्रांनो, तुम्ही विमानानं गेला असाल तर शौचालयाच्या रांगेत अगदी माझ्यासमोर उभे राहिला असाल, पण माझ्याकडे तुमचं लक्ष गेलं नसेल. जाणार कसं? कुणी बसलेलं नसलं की मी आपोआप मिटते आणि भिंतीला चिकटून राहते. माझी जागा सगळ्यात मागे, दाराशेजारी. विमानातले लोक मला जंप सीट म्हणतात. नाव ऐकून वाटेल, ही उड्या मारत असेल. छे हो! माझं काम नेमकं उलटं. उडू पाहणाऱ्या माणसाला मी खाली धरून ठेवते.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या मिस्त्रीकाकांनी मला चार पट्टे बसवले, दोन खांद्यांवरून येणारे आणि दोन कमरेचे. मग स्वतः बसले, पट्टे लावले आणि सगळं अंग पुढे झोकून असे हिसडे दिले की माझा जीव घाबरा झाला. एक टाका उसवला नाही. तेव्हा माझी पाठ थोपटून म्हणाले, "बेस! ही काही माणूस सोडायची नाही." त्या एका वाक्यावर मी वीस वर्षं काढली.

माझ्यावर तिकीट काढून कुणी बसत नाही. बसतात ती विमानात राबणारी माणसं. तुम्हाला ती दिसतात इस्त्रीच्या कपड्यांत, हसतमुख. मला मात्र त्यांच्या पाठी कळतात. बसल्या बसल्या बुटातून टाचा बाहेर काढतात, कारण पाय सुजून टम्म झालेले असतात. विमान वर चढत असलं की भरलेली ट्रॉली ढकलणं म्हणजे घाटात गाडी ढकलणं, कमरेचे पार बारा वाजतात. कुणाच्या मनगटावर उकळत्या पाण्याचा चट्टा. एकजण सर्दी अंगावर काढून कामावर आला होता, तर विमान उतरताना त्याच्या कानात अशी कळ निघाली की बिचारा डोळे पुसत बसला होता. आणि तेवढ्यात पुढून कुणी घंटा वाजवली, की लगेच चेहऱ्यावर हसू! मला तर रागच येतो. अरे, घटकाभर टेका की!

या सगळ्यांत माझी लाडकी म्हणजे अक्का. हे काही तिचं खरं नाव नव्हे, लंबूनं ठेवलेलं. लंबू तिचा जुना सहकारी, दारातून वाकून जाणारा, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा. अक्का अठरा वर्षं उडत होती. घरी अकरा वर्षांची लेक आणि म्हातारी आई. कामाला वाघीण, पण एक खोड भारी वाईट. पट्टे लावायचा दिवा लागला की साऱ्या विमानाला बसवायची, बजावून बजावून पट्टे लावायला लावायची आणि स्वतः सगळ्यात शेवटी बसायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! लंबू ओरडला की म्हणायची, "एवढं आवरते आणि आलेच." दर वेळी माझा जीव टांगणीला लागायचा.

त्या दुपारी बाहेर लख्ख ऊन होतं. ढग औषधालाही नव्हता. पण मित्रांनो, हवेतले खड्डे ढगांना विचारून येत नाहीत. विमान गच्च भरलेलं, कपाटंही भरलेली. गोळा केलेल्या ब्लँकेटांचं एक भलं मोठं पोतं कुठेच मावेना. अक्कानं इकडेतिकडे बघितलं, मला उघडलं, पोतं माझ्यावर ठेवलं आणि पडू नये म्हणून चारही पट्टे लावून आवळलं.

लंबू म्हणाला, "अक्का, खुर्चीवर नको."

"पाच मिनिटांत उचलते रे. चहा तर होऊ दे."

चहा झाला, पण पोतं तसंच राहिलं. मग पट्ट्यांचा दिवा लागला आणि कॅप्टनचा आवाज आला, "सगळ्यांनी बसून घ्या. क्रूनंही, आत्ताच्या आत्ता." लंबू धपकन बसला आणि ओरडला, "अक्का, टाक ते सगळं! ये!"

"शेवटची रांग राहिली रे. गरम चहा आहे त्यांच्या हातात, भाजतील."

तिचं चूक होतं असं मी कशी म्हणू? शेवटच्या रांगेतल्या आजोबांचा कप तिनं काढून घेतला, चहा ओतून दिला आणि माझ्याकडे धावली. माझ्यापाशी आली तेव्हा तिला पोतं आठवलं. तिनं पट्ट्याच्या कडीला हात घातला मात्र, आणि विमान खाली गेलं.

अक्का वर उडाली. डोकं छताला आपटलं आणि ती पाय मुडपून खाली आदळली. आणि मी? मी माझं काम चोख करत होते. चारही पट्ट्यांनी मी ते पोतं असं धरलं होतं की ते तसूभर हललं नाही. माणूस सोडायची नाही म्हणून नावाजलेली मी, पोतं कवटाळून बसले होते, आणि माझी अक्का वीतभर अंतरावर लोळत होती. अशी लाज माझ्या वाट्याला कधी आली नव्हती. दुसरा हिसका बसला तेव्हा त्या आजोबांनी, पट्ट्यात जखडलेल्या अवस्थेतच, हात लांब करून तिचं मनगट पकडलं. "सोडत नाही पोरी, घाबरू नकोस," असं ते म्हणत राहिले, आणि विमान स्थिर होईपर्यंत त्यांनी खरंच सोडलं नाही.

घोटा मोडला होता, खांदा निखळला होता. विमान उतरल्यावर डॉक्टरांची वाट बघत ती माझ्यापाशीच खाली पडून होती, पायाखाली तीच ब्लँकेटं. झाल्या प्रकाराचा कागद भरायचा होता. लंबू हळूच म्हणाला, "पोत्याचं नको लिहू अक्का. सगळं तुझ्यावर शेकेल."

"शेकू दे. नाही लिहिलं तर उद्या दुसरी कुणीतरी ठेवेल." आणि धड असलेल्या हातानं तिनं स्वतःच लिहिलं.

ती सात महिने आली नाही. लंबू तिला भेटून आला, तेव्हा माझ्यावर बसलेल्या बदलीच्या मुलीला सांगत होता. अक्कानं लेकीला सांगितलं होतं, जिन्यात पडले म्हणून. पण लेक कसली ऐकते! खरं काढून घेतलंच तिनं, आणि विचारलं, "आई, तू सगळ्यांना बसवतेस. मग तुला कोण बसवतं?"

मग एके सकाळी ती आली. किंचित लंगडत होती. त्या दिवशी चहा अर्ध्यावर असताना दिवा लागला. अक्कानं ट्रॉली झटक्यात वळवली. एक बाई म्हणाल्या, "अहो, माझा चहा!"

"देते हं ताई. आधी बसते."

"काय बाई ही तऱ्हा! दोन पावलांवर तर आहे."

अक्काचे कान लाल झाले. भीड भिकेची बहीण म्हणतात, आणि ही भीड तिनं अठरा वर्षं पाळली होती. क्षणभर ती थांबली. मला वाटलं, वळणार! पण ती सरळ मागे आली, ट्रॉली जागेवर अडकवली, मला उघडलं आणि बसली. चारही पट्टे लावले. तिच्या छातीचे ठोके मला पाठीतून कळत होते. मी तिला धरलं, मित्रांनो, किती घट्ट धरलं म्हणून सांगू!

विमान जेमतेम हललं. दहा मिनिटांनी दिवा विझला. लंबू हसून म्हणाला, "काहीच झालं नाही की! उगाच बोलणी खाल्लीस."

"खाल्ली तर खाल्ली," अक्का म्हणाली. "बोलणी खाऊन पाय मोडत नाही." आणि त्या बाईंना गरम चहा द्यायला गेली.

मित्रांनो, मला नवा रंग नको की मऊ उशी नको. फक्त माझ्यावर सामान ठेवू नका, तेवढी मला माणसांसाठी रिकामी राहू द्या. आणि कधी एखादी ताई तुमचा चहा अर्ध्यावर सोडून लगबगीनं मागे जाऊ लागली, तर कपाळाला आठ्या घालू नका. तिला म्हणा, "बसा ताई, चहाचं नंतर बघू." ते ऐकून ती एक क्षण लवकर बसेल. पट्टा लावायला तेवढाच वेळ लागतो.