पाठ नसलेला कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. अगदी खरं सांगायचं तर पाऊण कोट आहे, कारण मला पाठ नाही.

जन्मलो तेव्हा होती. अकोल्याच्या नत्थुजी टेलरांनी मला काळ्या कापडातून मन लावून शिवलं, आतून अस्तर लावलं, खिशाला झाकणं केली. मग बडनेऱ्याच्या स्टेशन रस्त्यावर फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या गजेंद्रभाऊंनी मला विकत घेतलं आणि त्याच संध्याकाळी कात्रीने माझी पाठ मानेपासून खालपर्यंत उभी कापली. दोन्ही कडांना तीन-तीन नाड्या लावल्या.

"आता हा पैलवानालेही होते अन् काडी पैलवानालेही होते," भाऊ म्हणाले. "फोटोत पाठ कोण पायते?"

तेव्हापासून मी खिळ्यावर आहे. समोर निळा पडदा, बाजूला कंगवा, आणि दारातून दिसेल तेवढा रस्ता. मला घालून लोक नोकरीला लागले, लग्नाला उभे राहिले, निवडणुकीलाही उभे राहिले. काही जण वारल्यावर घरच्यांनी त्यांचा बनियनवरचा फोटो आणला, तेव्हा भाऊंनी कॉम्प्युटरवर त्यांनाही मलाच घातलं. सगळ्यांना सांगितलं जाई, कोट शोभतो हं तुम्हाला. मला कुणी काही सांगितलं नाही. बाहेर नेण्याचा तर प्रश्नच नव्हता. पाठ नसलेल्याने कुठे जावं?

ओमप्रकाशभाऊ स्टेशनबाहेर हार विकतात. त्यांची मुलगी प्रतीक्षा शेतीची पदवीधर. तोडलेली फुलं जास्त दिवस कशी टिकवायची, हे शिकायला तिला परदेशातल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. बापाचा झेंडू दुपारी मान टाकतो हे ती लहानपणापासून बघत आली होती. व्हिसाचा फोटो तिने मला घालूनच काढला. मुलाखतीला मात्र ती साध्या पंजाबी ड्रेसवर मुंबईला गेली आणि नकाराचा कागद घेऊन परत आली. कागदावर लिहिलं होतं, शिक्षण संपल्यावर तुम्ही मायदेशी परताल याची आम्हाला खात्री वाटत नाही.

हा कागद शेजारच्या भगवंतरावांनी वाचला. ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. पावतीवरचं वर्णन आणि समोरचा माल जुळला नाही तर माल सोडायचा नाही, हा त्यांचा तीस वर्षांचा धर्म.

"फोटोत कोट हाये. मुलाखतीच्या खिडकीत कोट नाई. साहेब काहून सोडन?" ते म्हणाले.

"काका, कारण लिहिलंय त्यात. वेगळंच लिहिलंय," प्रतीक्षा म्हणाली.

"कारण लिहा लागते म्हणून लिहितेत, बाई. म्या तीस वर्षं लिहिले."

मित्रांनो, एकदा नकार आलेल्या घरात कुणाचंही म्हणणं खोटं ठरवायची हिंमत राहत नाही. विद्यापीठाने जागा सप्टेंबरपर्यंतच धरून ठेवली होती. मुलाखतीची एकच तारीख उरली होती. ओमप्रकाशभाऊ स्टुडिओत आले आणि मला मागून घेतलं.

"नेता तं न्या," गजेंद्रभाऊ म्हणाले. "पन सोमवारी सकाळी खिळ्यावर पायजे. पोलीस भरतीचे पोट्टे येऊन राहिले फोटोले."

अशा रीतीने आयुष्यात प्रथमच मी रेल्वेत बसलो. वाटलं, सुटलो. कसला सुटतो. मुंबईत वकिलातीबाहेर ऊन असं, की माझं अस्तर तिच्या कुडत्याला चिकटलं. पाठ झाकायला तिने वरून ओढणी घेतली होती. मला काढता येत नव्हतं, कारण नाड्या मागून बापाने बांधलेल्या आणि बापाला रांगेत प्रवेश नव्हता. मी तिच्यात अडकलो होतो आणि ती माझ्यात.

दारावरच्या शिपायाने ओढणी आणि कोट तपासणीच्या यंत्रात टाकायला सांगितलं. नाड्या तिने कशाबशा ओढून सोडवल्या. पलीकडे ओढणी हातावर टाकून मला परत चढवलं, पण मागे हात पुरेना. रांग पुढे सरकली. मी दोन्हीकडे उघडा लोंबत होतो. ती भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखी आडवी चालायला लागली. मागे कुणीतरी हसलं.

"थांब जरा," मागची एक मुलगी म्हणाली. आचल तिचं नाव. तिने नाड्यांच्या तिन्ही जोड्या ओढून गाठी मारल्या. "हसतात ते हसू देत. माझ्या कोटाच्या बाहीत अजून दुकानाची चिठ्ठी आहे. उद्या परत द्यायचाय."

"मले सोमवारी द्यायचाय," प्रतीक्षा म्हणाली.

खिडकीत काच होती आणि काचेमागे साहेब. प्रतीक्षाने उत्तरं पाठ केली होती, मागच्या वेळीही केली होती. फाईल उचलायला ती वाकून वळली आणि साहेबांना माझं ते दिसलं, जे आजवर कुणाला दाखवलं नव्हतं.

"हे काय आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

पाठ केलेलं तिथेच संपलं. मग तिने सांगितलं ते खरं सांगितलं. स्टुडिओ, कात्री, भगवंतकाका, पोलीस भरती. "सोमवारी हा परत गेला नाही तर पोरांचे फोटो अडतील. आणि मी परत गेले नाही तर बाबांचा झेंडू दुपारी सुकतच राहील. दुसरं कारण नाही माझ्याकडे."

साहेब हसले नाहीत. बराच वेळ टाईप करत राहिले आणि त्यांनी एक चिठ्ठी दिली. अर्ज तपासणीत आहे, वाट पाहा.

सोमवारी मी खिळ्यावर होतो. पोलीस भरती झाली, तलाठी भरती झाली. तिचा पासपोर्ट तिकडे वकिलातीच्या कपाटात, ती इकडे हारांच्या टोपलीमागे. मोबाईल बघायची, टोपलीवर पाणी शिंपडायची, पुन्हा मोबाईल बघायची. ऑगस्ट लागला. खिळ्यावर राहायची मला सवय आहे, पण तिचं बघवत नव्हतं.

मग एक दिवस निरोप आला, फोटो फार जुना आहे, नवा पाठवा. ती स्टुडिओत आली. गजेंद्रभाऊंचा हात सवयीने माझ्याकडे आला.

"कोट नको, भाऊ," ती म्हणाली. "आहे तशीच काढा."

मी खिळ्यावरून बघत होतो. कुडत्याच्या खांद्यावर झेंडूची एक पाकळी होती. भाऊंनीही ती झटकली नाही.

आठ दिवसांनी पासपोर्ट आला, आत व्हिसा होता. ओमप्रकाशभाऊंनी पहिला हार गजेंद्रभाऊंच्या कॅमेऱ्याला घातला. भगवंतराव म्हणाले, "म्या तं पयल्यापासून सांगून राहिलो. कोटाचाच घोळ होता."

जाण्याआधी ती पुन्हा आली. माझ्या दोन नाड्या त्या दिवशी ओढाताणीत उसवल्या होत्या. तिने हार गुंफायच्या जाड दोऱ्याने त्या पक्क्या शिवल्या आणि मला खिळ्यावर नीट सरळ टांगलं. भाऊंनी नाड्या लावल्या त्यानंतर इतक्या वर्षांत माझ्या मागच्या बाजूला सुई लावणारी ती पहिलीच.

मित्रांनो, समोरून रुबाबदार दिसणारे पुष्कळ जण मागून नाड्यांवर उभे असतात. तुम्ही रांगेत कुणाच्या मागे असाल आणि ते तुम्हाला दिसलं, तर हसू नका. हात मोकळा असेल तर गाठ मारा. आपली पाठ आपल्याला बांधता येत नाही.

बाहेर कुणीतरी आलंय. लग्नाचा फोटो असावा. भाऊंचा हात येतोय.