अर्लीनबाईंचे अंगण आणि आठ इंचांचा नियम

मित्रांनो, गवत कापायचे एक जुने यंत्र तुमच्याशी बोलते आहे. मला ना पेट्रोल लागते, ना वीज. दोन लोखंडी चाके, मध्ये पाच वळणदार पाती आणि एक लाकडी दांडा, एवढाच माझा संसार. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका लहान गावात फ्रँक व्होताव्हा यांनी मला आणले, तेव्हा त्यांचे नुकतेच लग्न झाले होते. दर शनिवारी ते आणि अर्लीनबाई मला आळीपाळीने ढकलत. लोक म्हणत, व्होताव्हांचे अंगण म्हणजे इस्त्री केलेली चादर! मी फुशारून जाई.

पुढे घरात पेट्रोलचे यंत्र आले आणि मी गॅरेजच्या खुंटीला लागले. सव्वीस वर्षे मला कोणी हात लावला नाही.

फ्रँक वारले त्या वर्षी बाईंनी पेट्रोलचे यंत्र देऊन टाकले आणि अंगणात त्या मुलुखाची मूळची झाडे पेरली. कमरेएवढे गवत, जांभळी फुले, रुईच्या जातीची चिकाची झुडपे. त्या झुडपांवर केशरी फुलपाखरे येऊ लागली. फक्त रस्त्याकडेचा हातभर पट्टा बाई नीट कापून ठेवत, आणि त्यासाठी त्यांनी मला खुंटीवरून उतरवले.

शेजारच्या ड्वेन हिंक्लींना हे खपेना.

"अर्लीन, तुझ्या या रानातून माझ्या घरात साप येतील."

"आले तर बसायला खुर्ची दे. माझ्याकडे तरी अजून कोणी फिरकला नाही."

ड्वेननी तक्रार केली. दारावर नगरपालिकेची नोटीस लागली: गवत आठ इंचांहून उंच नको, दहा दिवसांत कापा, नाहीतर आमची माणसे कापतील. बाईंनी मला मोटारीत घातले आणि थेट नगरपालिकेच्या सभेत ढकलत नेले. माझी चाके त्या गुळगुळीत फरशीवर खडखडली. सगळ्यांच्या माना वळल्या.

"हे घ्या यंत्र," बाई शांतपणे म्हणाल्या. "ज्याला माझं अंगण कापायचंय त्यानं खुशाल कापावं. फक्त आधी प्रत्येक झाडाचं नाव सांगावं."

सभासदांनी नावे सोडून नोटीस पुढे घेतली. मतदान झाले आणि पाच विरुद्ध दोन मतांनी बाई हरल्या.

अकराव्या दिवशी नगरपालिकेची गाडी आली. टेरेल नावाचा कामगार उतरला आणि डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "बाई, मी हुकमाचा ताबेदार."

"तुझा दोष नाही, बाळा. काप. पण मी बोलते ते ऐकत काप."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई माझ्या दांड्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. एकेक झाड पडत होते आणि त्या त्याचे नाव खणखणीत आवाजात उच्चारत होत्या. टेरेलने दोनदा आपले पेट्रोलचे यंत्र बंद केले. दोन्ही वेळा बाईंनीच त्याला पुढे व्हायला सांगितले.   अंगण भुईसपाट झाले.

पण त्या झाडांची मुळे पुरुषभर खोल असतात, मित्रांनो! पुढच्या मे महिन्यात कोंब वर आले. बाईंनी पहिल्याच आठवड्यात सभेला पत्र धाडले: 'यंदाही वाढवणार आहे. यंदाही नावे सांगेन.'

जूनमध्ये ड्वेन कुंपणापाशी आले. त्यांची पत्नी आजारी होती, दिवसभर खिडकीत बसून असे. "ती रोज फुलपाखरांबद्दल विचारते," ते खाली बघत म्हणाले. "सभेत येऊन मी बोलेन."

"उशिरा सुचलं," बाई म्हणाल्या. "ये. पण माझ्या बाजूनं बोलायचं, दयेनं नको."

ड्वेन बोलले. टेरेलही बोलला, स्वतः नगरपालिकेच्या नोकरीत असूनही. नियमात एक ओळ वाढली: मुद्दाम लावलेली मूळची झाडे वाढू द्यावीत, रस्त्याकडेची कड तेवढी कापावी. ती कड आजही मीच कापते.

घरातल्या जुन्या पात्याला धार लावा, तेल घाला, त्याला गंजू देऊ नका. पण निगा म्हणजे सगळे सारखे छाटून टाकणे, असे कोणी सांगितले तर मान डोलवू नका. माझा जन्मच कापण्यासाठी झाला आहे, मित्रांनो. कुठे थांबायचे, ते मला विचारा.