बासोड्याच्या दिवशी बंद केलेला फोन

सकाळी नऊ वाजता कौस्तुभ इनामदारने बायकोचा फोन बंद केला. तो तेव्हा जयपूरच्या सीतापुऱ्यात, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसला होता. हर्षाली जगतपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये भांडी घासत होती आणि फोन तिच्या शेजारी ओट्यावर होता.

त्या फ्लॅटमध्ये रेंज कधीच नव्हती. बोलायचं तर तीन मजले उतरून गेटपाशी जावं लागे. दिवाळीत कौस्तुभने नवा राउटर बसवला आणि वायफायवरून साधे फोनही लागू लागले. त्याची आई तारामतीबाई पलंगावर पडल्या पडल्या तासगावच्या जावेशी बोलू लागल्या. राउटरचं ॲप मात्र फक्त कौस्तुभच्या मोबाइलवर होतं. घरातल्या प्रत्येक फोनच्या नावापुढे त्यात नेट बंद करायचं एक बटण होतं, मुलांनी अभ्यासाला बसावं म्हणून दिलेलं. या घरात मूल नव्हतं. बटणाबद्दल हर्षालीला माहीत नव्हतं.

त्या दिवशी शीतलाष्टमी होती, जयपूरकरांचा बासोडा. आदल्या दिवशी रांधलेलं गार जेवायचं, शेगडी पेटवायची नाही. इनामदार मूळचे सांगलीकडचे, पण सोसायटीतल्या बायकांबरोबर तारामतीबाईंनी हे व्रत उचललं होतं आणि मूळ लोकांपेक्षा कडक पाळत होत्या. पहाटे हर्षालीने गॅसवर चहा ठेवला. रात्रभर झोप नव्हती, हात सवयीने गेला.

"पेटवलास? देवीच्या दिवशी?" तारामतीबाई दारात उभ्या होत्या.

"आई, चुकून. बाबांचं ऑपरेशन आहे आज, डोकं ठिकाणावर नव्हतं."

"ऑपरेशन त्यांचं, डोकं तुझं का गेलं गं? आता बरं-वाईट झालं तर माझ्या देवीच्या नावानं रडू नकोस म्हणजे झालं."

चाकसूला शीतलादेवीच्या जत्रेला सोसायटीची गाडी निघाली, तेव्हा हर्षालीला घरीच ठेवलं. "हिला नको. शेजारणींना काय सांगू मी?" एवढं बोलून तारामतीबाई गार पुऱ्यांचा डबा घेऊन खाली उतरल्या. गेटपाशी पोचताच त्यांनी मुलाला फोन लावला.

मिरजेत हर्षालीच्या वडिलांचं, हिंदुरावांचं, हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. महिनाभर ते नाहीच म्हणत होते. शेवटी एका अटीवर तयार झाले, की आत नेण्याआधी लेकीशी बोलू द्यायचं. तिने मिरजेला जायचं ठरवलं होतं. कौस्तुभने तिकीट काढलं नाही. रात्री भाऊ संकेत म्हणाला होता, "तायडे, तू लावत बसू नकोस, डॉक्टरांचे फोन यायचेत. नंबर आला की मीच करतो."

म्हणून ती फोनजवळ बसली. वायफायची खूण पडद्यावर दिसत होती. खूण आहे तोवर फोन येणार, असं कौस्तुभनेच शिकवलं होतं.

साडेदहाला संकेतने तिला फोन लावला. लागला नाही. पुन्हा पुन्हा लावून झाल्यावर त्याने कौस्तुभला केला.

"दाजी, तायडीचा फोन बंद लागतोय. बाबा थांबलेत. स्ट्रेचरवर बसून राहिलेत, आडवेच होत नाहीत."

"ती आईबरोबर चाकसूला गेलीय. जत्रेत कुठली रेंज? घ्या म्हणावं आत, संध्याकाळी बोलतील."

शेजारच्या टेबलावरच्या योगेशने हे ऐकलं. "वहिनी घरी आहेत ना? सकाळी तूच म्हणालास."

"आहे ना. आज संध्याकाळपर्यंत बंद. आईला उलट बोलली."

"अरे, बाप आहे तिचा. सुरू कर ना, भैया."

"एकदा सूट दिली की संपलं," कौस्तुभ हसून म्हणाला. "तुझं लग्न झालं की कळेल."

संकेतने निरोप जसाच्या तसा सांगितला.

"जत्रेला?" हिंदुरावांनी विचारलं. "आज?"

मग ते आडवे झाले. डॉक्टरांनी नाव विचारलं, तेही संकेतनेच सांगितलं.

बारा वाजून गेले तेव्हा हर्षालीला राहवलं नाही. तिने स्वतःच फोन लावला. लागेना. राउटर बंद करून चालू केला, तरी लागेना. ती अनवाणीच खाली धावली. गेटपाशी पोचताच फोनला रेंज मिळाली आणि संकेतचे मेसेज एकामागून एक येऊन पडले. बाबा थांबलेत. तायडे, उचल. दाजी म्हणाले तू जत्रेत आहेस. शेवटचा होता, नेलं.

ती घरी आहे हे कौस्तुभला माहीत होतं, आणि राउटरचं ॲप त्याच्याच मोबाइलवर होतं. तिने त्याला फोन केला.

"तुम्हीच बंद केला होता?"

"ओरडू नकोस, लोक बघतात. मी घरात नेट आणलं म्हणून तू घरात बसून बोलू शकतेस, हे विसरू नकोस. आईला सॉरी म्हण, लगेच सुरू करतो."

"बाबांना काय सांगितलंत?"

"ऑपरेशन झालं ना सुरू? मग. कुणाचं काही अडलं नाही."

हर्षालीने फोन ठेवला आणि संकेतला लावला. त्याने उचलला, पण मागे कुणीतरी त्याला हाक मारत होतं. "थांब तायडे, आत बोलावतायत," एवढंच म्हणाला.

चारच्या सुमाराला चाकसूची गाडी परतली. तारामतीबाई प्रसाद घेऊन उतरल्या, गेटच्या कठड्यावर बसलेल्या सुनेकडे त्यांनी पाहिलं आणि घराची किल्ली मागितली. हर्षालीने किल्ली दिली, पण ती उठली नाही. मिरजेहून तोवर फोन आला नव्हता. संकेतचा नंबर वाजत होता, कुणी उचलत नव्हतं.