तिसऱ्या वाडग्याचं झाकण

दादाचं शेवटचं पोस्टकार्ड होंगूच्या देवळाजवळून आलं होतं. ‘खोलीतून नदी दिसत नाही, पण सतत ऐकू येते,’ एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तो कुमानोच्या डोंगरातल्या जुन्या यात्रावाटेला लागला आणि परतला नाही. त्याला आता नऊ वर्षं झाली.

आई रोज संध्याकाळी त्याचं ताट मांडते. घरातलं माणूस प्रवासाला गेलं की आमच्याकडे जपानात तशी रीतच आहे. जेवणं झाली की त्याच्या सूपच्या वाडग्याचं झाकण उचलून बघायचं. आतून थेंब असले तर माणूस सुखरूप. मी हवामान केंद्रात आर्द्रता मोजते. गरम सूपवर गार झाकण ठेवलं की थेंब जमणारच, हे मी आईला कितीदा तरी सांगितलं.

“तुझं शास्त्र तुझ्यापाशी ठेव,” ती म्हणायची.

माणूस सात वर्षं बेपत्ता असला की कोर्टाकडून त्याला मृत ठरवून घेता येतं. तो अर्ज घरात नुसता पडून होता. आई एक्याऐंशीची आहे. दाराकडे तोंड करून जेवणारी आई मला बघवत नव्हती. या शरद ऋतूत ती अखेर म्हणाली, “तो शेवटचा उतरला तिथे एकदा ताट मांडते. झाकण कोरडं निघालं तर अर्जावर माझा सहीचा शिक्का मारीन.”

देवळाजवळ त्या काळातल्या दोनच सराया उरल्या होत्या. दादाचं नाव दोन्हींच्या नोंदवहीत नव्हतं, तेव्हा निवड आईनेच करायची होती. पहिल्या सराईत भिंतभर काच होती आणि समोर नदी.

“माणसं दोन आणि ताटं तीन?” व्यवस्थापक हसला. “आजी, भूक जोरात दिसते!”

“मुलगा मागून येतोय.”

“किती वाजेपर्यंत येतील?”

“नऊ वर्षं झाली निघून,” आई म्हणाली आणि तिने परत बुटांत पाय घातले.

दुसरी सराई देवदारांच्या आड होती. खोलीच्या खिडकीतून फक्त खोडं दिसत होती. त्यांच्यामागून पाणी वाजत होतं. आई चटईवर बसली. “हीच,” ती म्हणाली. मालकीणबाईंनी तिसऱ्या ताटाबद्दल काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, “त्यांना कुठल्या बाजूला बसायला आवडायचं?”

आई आंघोळीला गेली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. “तिसऱ्या वाडग्यात सूप गार वाढा,” मी हळूच म्हणाले. मालकीणबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

सहाला ताटं आली. आम्ही जेवलो. आई एकेक घास फार वेळ चावत होती. मग तिने आपले हात मांडीवर ठेवले.

“मिहोको, तू उचल.”

मी झाकण उचललं आणि तोंडावर वाफ आली. सूप कढत होतं. झाकण उलटं केलं. काळा लाखेचा लेप, आरशासारखा लख्ख आणि कोरडा. बोट फिरवलं, झाकण गार होतं. माझ्या झाकणाखाली ताटात पाण्याचं वर्तुळ साचलं होतं.

“काय आहे गं?”

मी झाकण तिच्यापुढे धरलं.

आईने ते बराच वेळ पाहिलं. मग पिशवीतून अर्ज काढला, शिक्क्याची डबी काढली. तो मीच आणवलेला अर्ज होता, आणि मीच त्यावर हात ठेवला.

“आई, थांब. मी फसवलं तुला. सूप गार वाढायला मीच सांगितलं होतं. गार सूपवर थेंब येत नाहीत. याला काही अर्थ नाही.”

“वेडी,” आई म्हणाली, आणि तिने तिसऱ्या वाडग्यात दोन बोटं बुडवली. लगेच काढून तोंडात धरली.

“पोळलं की गं.”

तिने माझा हात अर्जावरून बाजूला केला, शिक्का लाल शाईवर टेकवला आणि दादाच्या नावाखाली नीट, सरळ उमटवला. मग त्याच्या जेवणाच्या काड्या उचलून आपल्या काड्यांशेजारी ठेवल्या.

मालकीणबाई ताटं उचलायला आल्या तोवर आमच्या वाडग्यांत उरलेल्या सूपवर चरबीची साय धरली होती. तिसऱ्यातून अजून वाफ येत होती.