मखमल दिसत नाही

गाडी शिकवणाऱ्या बाईंचं सगळं भांडवल म्हणजे त्यांचा आवाज. समोरून ट्रक अंगावर येत असो, की शिकणाऱ्याचा पाय ब्रेक सोडून भलत्याच जागी पडलेला असो, बाई त्याच संथ सुरात म्हणायच्या, "घाबरायचं काही नाही. पाय उचला." दुसऱ्या शिक्षकांनी हात टेकलेली माणसं शेवटी बाईंच्या गाडीत येऊन बसत आणि परवाना घेऊनच उतरत.

त्याच बाई त्या दिवशी सकाळी मुलीच्या खोलीत गुडघ्यांवर ओणव्या होत्या. डोकं पलंगाखाली, हातात विजेरी, आणि आवाज कापरा. "मखमल... ए मखमल... कुठे गेलीस गं बाळा?"

कोळ्यांना कान नसतात, हे त्यांना माहीत होतं. मुलीने ते चांगलं दोनदा समजावून सांगितलं होतं. पण हाक मारल्याशिवाय शोधायचं कसं, हे काही सांगितलं नव्हतं.

मखमल म्हणजे मुलीने पाळलेला टॅरंटुला. मोठे, केसाळ, बघताच माणूस दोन पावलं मागे सरकेल असे कोळी असतात, त्यांच्यातलाच. पण अजून लहान. पाय पसरून बसली तर कोटाच्या बटणाएवढी भरायची. मुलगी पुढच्या शिक्षणासाठी परगावी गेली. वसतिगृहात माणसांनाच जेमतेम जागा, तिथे आठ पायांच्या पाहुणीला कोण घेणार? मग तो पारदर्शक डबा, त्यातली नारळाच्या भुशाची माती, झाडाच्या सालीचा एक तुकडा, बाटलीच्या झाकणातलं पाणी, हे सगळं आईच्या गळ्यात पडलं. सुरुवातीला बाई त्या डब्याकडे दारातूनच बघायच्या. मग स्टूल ओढून बसू लागल्या. हळूहळू अशी वेळ आली की शिकाऊ लोकांना त्या चौकात थांबवून सांगायच्या, "आमची मखमल बघा, चारही बाजूंचा अंदाज घेतल्याशिवाय एक पाय पुढे टाकत नाही." मखमल कोण, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

घरातला खरा प्रश्न होता बाईंच्या नवऱ्याचा. तो बेकरीत भट्टीवर काम करायचा. गरम ट्रे नुसत्या फडक्याने धरील, पण झुरळ दिसलं की खुर्चीवर. मखमल घरात आली तेव्हा त्याने एकच अट घातली होती, "ती तिच्या खोलीत, मी माझ्या. आमची गाठ पडता कामा नये." बाईंनी छातीवर हात ठेवून शब्द दिला होता.

आणि आता त्या डब्याच्या झाकणाची एक कडी उघडी होती. आदल्या संध्याकाळी बाईंनी आत एक बारीक अळी टाकली, तेवढ्यात कुणा शिकाऊ माणसाचा फोन आला, आणि त्याला गिअर तोंडी समजावता समजावता त्यांनी झाकण लावलं. म्हणजे लावलं असं त्यांना वाटलं. अळी होती तिथेच होती. सालीखाली कुणी नव्हतं. माती सगळीकडे सारखी, सपाट. दुसऱ्या कुणाची चूक असती तर बाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं; इथे चूक स्वतःचीच असल्यामुळे त्या अगदी शांतपणे, आवाज न करता घाबरल्या.

दुपारी नवरा घरी आला तेव्हा बाई सोफ्याच्या उशा एकेक करून झटकत होत्या.

"काय शोधतेस?"

"कानातलं," बाई म्हणाल्या. सुचलं ते हेच.

नवरा भला माणूस. त्याने बाह्या सरसावल्या, सोफा ओढून काढला, कपाटामागे काठी घालून बघितलं. तो जिथे जिथे हात घाली, तिथे तिथे बाईंचा जीव वरखाली होई. "तिथे नको! तिथे मी बघितलंय!" असं त्या इतक्यांदा ओरडल्या, की शेवटी तो बिचारा खोलीच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "मग मी कुठे बघू, ते तरी सांग."

त्यानंतरचे दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. चप्पल आपटून घालायची, टॉवेल झटकून घ्यायचा, भात शिजवायच्या आधी तांदळात विजेरी मारायची. पलंगाचे चारही पाय त्यांनी भिंतीपासून दूर ओढले आणि नवऱ्याला सांगितलं, "हवा खेळती राहते." केसाला वारा लागला तरी त्या मानेवर चापट मारून घ्यायच्या. आणि गंमत म्हणजे ती आपल्याला चावेल याची भीती त्यांना फारशी नव्हतीच. भीती होती ती आपल्याच पायाखाली ती सापडेल याची. एकदा चपलेखाली काहीतरी कुरकुरलं, तर बाई एका पायावर उभ्या राहून डोळे मिटून रडायच्या बेतात आल्या. पाय उचलून बघितलं, तर बिस्किटाचा तुकडा.

कामावरही तेच. एक दिवस गाडीत एक निवृत्त शाळामास्तर होते. साठी उलटल्यावर त्यांना गाडी शिकायची हौस आली होती, आणि बाईंना ते आदर्श विद्यार्थी वाटायचे, कारण ते ऐकायचे. भर चौकात हिरवा दिवा लागला, मास्तरांनी झकास गाडी काढली, आणि नेमकं तेव्हाच बाईंच्या मानेवरून काहीतरी खाली सरकलं. बाईंच्या बाजूला शिक्षकासाठी वेगळा ब्रेक असतो. तो त्यांनी दोन्ही पायांनी दाबला. गाडी चौकाच्या बरोब्बर मध्यावर बंद पडली, मागच्यांनी भोंगे सुरू केले, आणि बाई सीटवर उलट्या वळून स्वतःच्या पाठीत हात घालू लागल्या.

हाताला लागला तो स्वेटरचा उसवलेला दोरा.

मास्तरांनी एकवार बाईंकडे बघितलं. मग ते शांतपणे म्हणाले, "घाबरायचं काही नाही, बाई. पाय उचला."

बाईंनी पाय उचलला. मास्तरांनी गाडी चालू केली, चौक ओलांडला, कडेला थांबवली आणि थर्मासमधला चहा पुढे केला. बाईंना इतकी लाज वाटली, की त्या दिवसाचा धडा त्यांनी मास्तरांच्या नावावर लावलाच नाही.

त्याच संध्याकाळी देव पावला. कपडे धुण्याच्या मशीनमागे, भिंतीच्या कोपऱ्यात, ती बसली होती! तपकिरी, केसाळ, पाय आखडून. जरा बारीक झाल्यासारखी वाटली, पण इतके दिवस उपाशी राहिल्यावर कोण बारीक होणार नाही? बाईंनी नवऱ्याचे भट्टीवरचे जाड हातमोजे चढवले. एका हातात काचेचा पेला, दुसऱ्यात लग्नपत्रिकेचा जाड कागद. पहिल्या प्रयत्नात पेला नळावर आपटला. दुसऱ्यात त्या स्वतः बादलीत बसल्या. तिसऱ्यात जमलं. पेल्याखाली कागद सरकवून त्यांनी मिरवणुकीसारखी ती वरात मुलीच्या खोलीत नेली, तिला डब्यात सोडलं आणि दोन्ही कड्या लावून वर एक जाडजूड शब्दकोश ठेवला.

मग त्यांना रडू आलं. "अशी जातात का आईला सोडून?" असंही त्या म्हणाल्या. ते कुणी ऐकलं नाही ही देवाची आणखी एक कृपा.

फोटो काढून त्यांनी मुलीला पाठवला. खाली लिहिलं, 'बघ, किती खूश आहे.'

लगेच फोन वाजला.

"आई," मुलगी म्हणाली, "हा कोण आहे?"

"कोण म्हणजे? मखमल!"

"आई, ही मखमल नाही. हा आपल्या न्हाणीघरातला साधा कोळी आहे. तो आत कसा गेला? आणि मखमल कुठे आहे?"

मग कडीपासून बादलीपर्यंत सगळं बाईंनी एका दमात सांगून टाकलं. पलीकडून गुदमरल्यासारखा आवाज आला. मुलगी हसत होती.

"हसतेस काय! ती गेलीय गं!"

"कुठे जाईल? आई, ती जेवत नव्हती ना? पोट काळपट दिसत होतं?"

"हो. मला वाटलं, तुझी आठवण येत असेल."

"तिची कात टाकायची वेळ आलीय. अशा वेळी त्या मातीत बीळ करतात, आत जातात आणि वरून तोंड बुजवून घेतात. डब्याच्या खालच्या बाजूने बघ. आणि आई, आधी तो पाहुणा बाहेर काढ. कात टाकताना ती अगदी मऊ असते, हलताही येत नाही तिला. तो बिळात शिरला तर काही खरं नाही. ती अळीपण काढ. आणि हे बघ, माती उकरायची नाही. चमच्याने तर मुळीच नाही."

बाईंनी हातातला चमचा खाली ठेवला.

त्यांनी डबा अलगद उचलला आणि खालून विजेरी मारली. मातीत, तळाच्या काचेला लागून, एक छोटीशी पोकळी होती. तिच्यात काहीतरी काळं दिसत होतं. ते मखमल असेल किंवा सालीचा तुकडाही असेल. एवढे दिवस बाईंनी सगळं घर उलथंपालथं केलं होतं. डबा काही उचलून बघितला नव्हता.

पण आता पाहुण्याला काढायचं कसं? तो सालीच्या फटीत जाऊन बसला होता. एकाने साल उचलायची, दुसऱ्याने पेला धरायचा, असं दोन माणसांचं ते काम. बाई बाहेर जाऊन नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"अहो, एक सांगायचंय. माझं कानातलं हरवलेलं नाही."

"माहीत आहे," नवरा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाला. "दोन्ही कानांत आहेत. पहिल्या दिवसापासून."

बाईंचा हात आपोआप कानांकडे गेला.

"मग तुम्ही सोफा कशाला ओढला?"

"ती दिसली तर मला आधी दिसावी म्हणून. तू घाबरली असतीस." मग तो म्हणाला, "मी घाबरलोच होतो. रोज पहाटे बूट भट्टीच्या चिमट्याने उचलून झटकतोय. पण तू इतक्या जिवावर उदार होऊन खोटं बोलत होतीस, म्हटलं, कशाला मोडता घाला."

बाईंना हसावं की भांडावं ते कळेना. वेळ नव्हता म्हणून भांडण पुढे ढकललं. नवऱ्याने भट्टीचा तो लांब चिमटा आणला. तोंड भिंतीकडे फिरवून, एक डोळा किलकिला ठेवून, हात शक्य तेवढा लांब करून त्याने साल उचलली. बाईंनी या वेळी पहिल्याच फटक्यात पेला बसवला. पाहुण्याला खिडकीबाहेर सोडताना नवरा पुटपुटला, "माफ करा हं. घरच्या बाईंचा जरा गैरसमज झाला."

मग वाट बघणं सुरू झालं. बाई खोलीत जायच्या, डब्याखाली विजेरी मारायच्या, काही कळत नाही म्हणून परत यायच्या. काही दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की विजेरी जागेवर नसते. ती नवऱ्याकडे असायची.

एके दुपारी बाई मास्तरांना गाडी उभी करायला शिकवत असताना नवऱ्याचाच फोन आला. आवाज पडलेला होता.

"अगं, लवकर घरी ये. ती गेली."

"पळाली?"

"पळाली नाही. गेली. पाण्याशेजारी पडलीय. पाय गोळा झालेत. मी नीट बघितलं."

बाईंनी फोन मांडीवर ठेवला आणि समोर बघत राहिल्या. त्यांना वाटलं, आपल्याला काही होणार नाही. एवढ्याशा जिवासाठी काय व्हायचं? आणि मग त्या ढसाढसा रडल्या. मास्तरांनी गिअर टाकला आणि न सांगता, न चुकता, गाडी थेट बाईंच्या दारापर्यंत आणली.

नवरा पिठाच्या हातांनीच खोलीच्या दारात उभा होता. डब्यात पाण्याशेजारी मखमल पडली होती, सगळे पाय, सगळी लव जशीच्या तशी. बाई स्टुलावर टेकल्या आणि जवळून बघू लागल्या. बघता बघता त्यांना काहीतरी खटकलं. मखमलच्या पाठीवरचं कवच झाकणासारखं उघडलेलं होतं. आत कुणीच नव्हतं.

आणि मागे, मातीत पडलेल्या एका नव्या भोकाच्या तोंडाशी, कात बाहेर ढकलून दमलेली मखमल बसली होती. पहिल्यापेक्षा चांगली मोठी, आणि नव्या कपड्यातल्यासारखी लखलखीत.

"अहो," बाई म्हणाल्या, "तुम्ही कपड्यांना बघून रडलात."

"मी कुठे रडलो? तूच आलीस नाक लाल करून," नवरा म्हणाला. त्याच्या गालावर पिठातून दोन ओघळ स्वच्छ दिसत होते. बाईंनी ते न दिसल्यासारखं केलं.

मुलीला फोन लावला. ती आनंदाने ओरडली, मग लगेच सूचना देऊ लागली. कात जपून ठेवा. पाणी बदला. आणि आठवडाभर खायला काही घालायचं नाही, दात अजून कडक झाले नसतील.

"आठवडाभर?" नवरा फोन हिसकावून घेत म्हणाला. "एवढं सगळं सोसून आली पोर, आणि उपाशी ठेवायचं?"

"बाबा, तुम्ही त्या खोलीत काय करताय?"

त्याने फोन बाईंकडे दिला आणि चहा टाकायला गेला. मास्तर अजून खाली गाडीतच बसलेत हे बाईंना आठवलं. त्यांनी खिडकीतून हाक मारून त्यांनाही वर बोलावलं. मग तिघांनी कप हातात घेऊन डब्यासमोर बैठक मारली. मखमल जागची हलली नाही. तिच्यात अजून हलायचं त्राण नव्हतं. तरी चहा संपेपर्यंत कुणी उठलं नाही, आणि मास्तर तर दुसरा कप घेऊन बसले.