तिसावी चौकट

"हलू नका रे कुणी," म्हणत बाईंनी पडद्याचा फोटो काढला. तीस चौकटी. एकोणतीस चौकटींत दुसरीतली पोरं, कुणी दात काढून, कुणी नाकात बोट घालून. तिसावी चौकट काळी. साथीमुळे शाळेला कुलूप लागून वर्ग ऑनलाइन सुरू झाल्यापासून रोज असा फोटो मुख्याध्यापिकांना पाठवायचा आणि पालकांच्या गटावरही टाकायचा, असा हुकूम होता. तीच हजेरी.

काळ्या चौकटीतली मुलगी मात्र वर्गात सगळ्यांच्या पुढे होती. बाईंनी सतरा अधिक आठ विचारायचा अवकाश, तिकडून कुजबुजत उत्तर यायचं.

दुपारी मुख्याध्यापिकांचा फोन आला.

"त्या मुलीच्या गैरहजेरीचे चौदा दिवस भरले. उद्या पंधरावा. पटावरून नाव काढावं लागेल."

"मॅडम, ती रोज असते. सगळ्यांच्या आधी उत्तर देते."

"फोटोत आवाज दिसतो का?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं पोरं सांभाळली, आणि समोरचं मूल आहे की नाही हे आता यांनी फोटोवरून सांगायचं! पण वरच्यांवर राग काढता येत नाही, तो खाली निघतो. त्यांनी तणतणत मुलीच्या आईला फोन लावला. ती रुग्णालयात रात्रपाळीला सफाईचं काम करायची.

"अहो, एक दिवस तरी कॅमेरा सुरू करू द्या तिला. पोरीचं नाव जाईल, कळतंय का?"

"केला होता की बाई, पहिल्या दिवशी." झोपेतून उठल्यामुळे आईचा आवाज जड होता. "एकच खोली आमची. मी कामावरून येऊन मागेच पडले होते, तोंड उघडं टाकून. कुणीतरी तेवढाच कोपरा मोठा करून गटावर टाकला. 'शाळा भरली, आई अजून घोरतेय.' खाली सगळे हसले. तेव्हापासून पोरगी कॅमेरा लावतच नाही."

"कुणी काढला तो फोटो? नाव सांगा मला!" बाई कडाडल्या.



"तुमचाच होता ना, बाई. हजेरीचा."



"मग मला बोलला का नाहीत?"

"पोरगी नको म्हणाली. बाईंना वाईट वाटेल म्हणाली."

फोन ठेवून बाईंनी गट उघडला. फोटो टाकायचा आणि गट बंद करायचा, एवढंच त्या करत आल्या होत्या. खाली कोण काय बोलतं हे पाहायची कधी तसदी घेतली नव्हती. दोन आठवडे मागे गेल्यावर ते सापडलं. हसणाऱ्यांत दोन डॉक्टर होते. त्या आईने पुसलेल्या फरशीवरूनच चालणारे असतील कदाचित. बाईंना त्यांची चीड आली, मुख्याध्यापिकांची आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःची आली. त्यांनी आपले सगळे फोटो एकेक करून पुसून टाकले.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता त्या म्हणाल्या, "आजपासून सगळ्यांचे कॅमेरे बंद. मी नाव घेईन, तुम्ही हजर म्हणायचं."

पोरांना काय, आनंदच. पाच मिनिटांत पडदा काळाकुट्ट झाला. सव्वानऊला मुख्याध्यापिकांचा फोन.

"फोटो कुठाय?"

"फोटो यापुढे नाही, मॅडम. हजेरी पाठवते. तीस नावं, खाली माझी सही."

"आणि त्या मुलीचं?"

"हजर लिहिलंय. तुम्हाला नाव काढायचं असेल तर काढा. फक्त त्या ओळीवर सही तुमची हवी, आणि कारण तुमच्या हाताने लिहायचं."



"सहीचं… बघू नंतर," मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

बाईंनी गणिताचं पुस्तक उघडलं. बोलायला सुरुवात करताना त्यांनी आवाज अगदी खाली आणला. एका खोलीत कुणीतरी आत्ताच कामावरून येऊन झोपलं होतं.